एका ओळीचा फरक

कुंताबाईंचा फोन आला तेव्हा कामिनी भंडाऱ्याच्या ऑफिसात बसून पुढच्या शिबिरासाठी नळ्यांवर चिकटवायच्या पट्ट्या छापत होती. कुंताबाई सानगडीच्या आशा सेविका. फोनवर त्या नेहमी कोणाशी तरी भांडत असल्यासारख्या बोलत.

"म्याडम, साऱ्या गावाचे कार्ड वाटले मी. गोदावरीबाईचं काहून नाई आलं? रोज माझ्या दारात येऊन बसते बुढी. म्हंते, माझं रक्त काय नालीत सांडून देल्लं का तुमी?"

"रक्त दिलं होतं ना त्यांनी?"

"माझ्यासमोर देल्लं जी. सुई पाहून पह्यले शिव्या देल्ल्या, मंग रक्त देल्लं."

कामिनी हसली. "थांबा, बघते," म्हणून तिने लॅपटॉप पुढे ओढला.

सानगडीचं शिबिर सिकलसेलचं होतं. हा रक्ताचा आजार आईवडिलांकडून येतो. ज्याच्यात दोष एकाच बाजूने आलेला असतो तो वाहक. त्याला स्वतःला सहसा काही त्रास होत नाही. पण दोन वाहकांचं लग्न झालं, तर होणारं मूल आजारी निघण्याची शक्यता दर वेळी चारात एक असते. म्हणून कामिनीची संस्था लग्नाच्या वयाच्या मुलामुलींना आणि त्यांच्या घरच्यांना आग्रहाने बोलावून तपासत असे, आणि प्रत्येकाच्या हातात एक कार्ड देत असे: नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आणि खाली निकाल. 'सामान्य' किंवा 'वाहक'. सानगडीची कार्डं कामिनीने छापली होती.

तिने गोदावरीबाईंचं नाव शोधलं. नव्हतं. मग रजिस्टरच्या पानांचे फोटो उघडले. तिथे होतं. नाव होतं, वय होतं, नवऱ्याच्या नावाचा रकाना मात्र कोरा होता.

"कुंताबाई, त्यांच्या नवऱ्याचं नावच नाही लिहिलेलं."

"कसं लिहीन? ते नवऱ्याचं नाव घेते का? जुनी बाई हाये. लिहिनाऱ्या पोरानं विचारलं, नवऱ्याचं नाव सांगा, तर म्हने मोनूचे बाबा. पोरगा म्हने मोनूच्या बाबाचं नाव काय? तर पदर तोंडाले लावून हासत बसली. मी म्हनलं, सोड रे बापा जागा, मी मागून सांगन. मंग राह्यलंच ते. कायले, काही झालं का?"

कामिनीने फोन कानाशीच धरून ठेवला. तिचे डोळे पडद्यावरच्या एका ओळीवर थांबले होते. ती ओळ तिनेच लिहिली होती.

रजिस्टरवरून टाईप केलेल्या नावांची एक यादी होती. वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावांची दुसरी. निकालांची तिसरी यादी प्रयोगशाळेतून आली होती, नळ्यांच्या क्रमाने. तीनही याद्या शेजारी-शेजारी ठेवायच्या, प्रत्येकीतला पहिला घेऊन एका माणसाची एक डिक्शनरी, म्हणजे नोंद, करायची, मग प्रत्येकीतला दुसरा, मग तिसरा. पायथन या संगणकाच्या भाषेत यासाठी 'झिप' नावाची सोय आहे. बॅगेची चेन जशी दोन्ही बाजूंचे दात एकमेकांत अडकवत जाते, तशी ती याद्या जोडत जाते. आधी हे काम ऑफिसात हाताने होत असे आणि त्यात आठवडा जाई. कामिनीने ते एका दुपारी केलं होतं. ऑफिसचे प्रमुख असलेल्या मनिष सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "बघा, बीएस्सीवाल्या पोरीला कसं कळतं."

पण याद्या जोडण्याआधी तिने एक गोष्ट केली होती. रजिस्टरात काही ओळी अर्धवट दिसतात. काही लोक नाव सांगतात आणि रक्त न देताच रांगेतून निघून जातात, हे तिने आधीच्या शिबिरांत पाहिलं होतं. त्या ओळी काढून टाकण्यासाठी तिने एक साधा नियम लावला: रकाना कोरा असेल तर ओळ वगळा. सानगडीच्या रजिस्टरात कोरी ओळ एकच होती. ती गोदावरीबाईंची होती आणि गोदावरीबाईंनी रक्त दिलं होतं.

नावांची यादी एकाने कमी झाली. निकालांची झाली नाही. गोदावरीबाईंचा निकाल त्यांच्या मागच्या बाईला लागला. त्या बाईचा तिच्या मागच्याला. शेवटच्या माणसाचा निकाल उरला आणि गळून पडला, कारण एक यादी संपली की झिप मुकाट्याने थांबते. लांबी सारखी नसेल तर अडवून धर, असंही झिपला सांगता येतं. एका शब्दाचं काम. कामिनीने ते वाचलेलं होतं. वाचताना चांगली सोय आहे असंही वाटलं होतं. आणि नळीचे क्रमांक रजिस्टरात होते. ते टाईप केले असते तर क्रमावर विसंबायची गरजच नव्हती. क्रम तर सारखाच आहे, असं म्हणून तिने तो रकाना सोडून दिला होता. शेवटी वरची पाच नावं रजिस्टरशी ताडून पाहिली होती. पाचही बरोबर होती. गोदावरीबाई त्यांच्या बऱ्याच खाली होत्या.

"म्याडम? हाये का फोनवर?"

"आहे. कुंताबाई, मी तुम्हाला थोड्या वेळाने फोन करते."

तिने नळीचे क्रमांक टाईप करायला घेतले. या वेळी एकेक नाव क्रमांकावरून जोडलं. बहुतेक लोक सामान्य होते, त्यामुळे निकाल सरकूनही बहुतेकांच्या कार्डावर फरक पडला नव्हता. सामान्याच्या जागी दुसऱ्या कोणाचं सामान्य आलं होतं, इतकंच. फरक फार थोड्या ठिकाणी होता. त्यांतली दोन नावं एकाखाली एक होती. राखी सोमाजी: कार्डावर सामान्य, नळीप्रमाणे वाहक. रूपा तुलाराम: कार्डावर वाहक, नळीप्रमाणे सामान्य.

कामिनीने कुंताबाईंना फोन लावला आणि ही दोन नावं सांगितली. या वेळी कुंताबाई भांडल्यासारख्या बोलल्या नाहीत.

"राखीचं लगन हाये ना म्याडम," त्या म्हणाल्या. "पुढच्या शुक्रवारी. आंधळगावचा पोरगा हाये, योगेंद्र. आन् तो वाहक हाये. त्यानं सोताच सांगतलं होतं पह्यल्या दिवशी. राखीचं कार्ड सामान्य निघालं म्हनून तर जमलं सारं."

मनिष सरांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते ओरडले असते तर कामिनीला बरं वाटलं असतं.

"सही माझी पण आहे त्या यादीवर," ते म्हणाले. "एकटीवर घेऊ नकोस."

"सर, मी उद्या सानगडीला जाते. आधी या दोघींकडे, मग बाकीच्यांकडे."

"जा. पण विचार करून जा. आठवड्यावर लग्न आहे. मांडवाचं सांगून झालं असेल, पत्रिका गेल्या असतील. आत्ता सांगितलंस तर त्या मुलीचं काय होईल? लग्न होऊ दे. नंतर दोघांना इथे बोलावू, नीट समजावू. दिवस गेले की पहिल्या काही आठवड्यांत नागपूरला तपासणी होते, बाळाला आहे की नाही ते कळतं. उपाय नाही असं नाही."

कामिनीला ते पटलं. पटलं याचीच तिला लाज वाटली. बस स्टँडवर शहापूरला घरी जायच्या गाडीची वाट पाहताना ती सरांचं बोलणं मनात पुन्हा पुन्हा म्हणून पाहत होती आणि प्रत्येक वेळी ते जास्त शहाणपणाचं वाटत होतं. घरी पोचेपर्यंत तिच्या लक्षात आलं की या शहाणपणात सगळ्यांत जास्त फायदा तिचा स्वतःचा आहे.

सकाळी ती नळ्या, सुया आणि कापूस असलेली शिबिराची पेटी घेऊन सानगडीला जाण्यासाठी साकोलीच्या बसमध्ये बसली.

सोमाजींच्या अंगणात पापड चालले होते. खाटांवर जुनी लुगडी अंथरून पापड वाळत घातले होते, आणि ओसरीवर पाच-सहा बायका पोळपाट घेऊन गोल बसल्या होत्या. कुंताबाई कामिनीच्या पुढे चालत होत्या, पण दारात आल्यावर त्यांनी तिला पुढे केलं.

राखीच्या आईने, मंदाबाईंनी, तिला लगेच ओळखलं. "अवो, कार्डवाल्या म्याडम! या, या. बसा जी. रूपे, सरक ना ओ, म्याडमले जागा दे."

"मी कुठं सरकू? मांगं भित हाये," एक गोल चेहऱ्याची मुलगी म्हणाली आणि तरी सरकली. "बसा म्याडम. लाटता येते का पापड? का फकस्त रक्त काढता येते?"

बायका हसल्या.

"तुमच्या कार्डानं काम केलं पाहा," मंदाबाई म्हणाल्या. "पोराकडच्याईनं पह्यलेच सांगतलं होतं, कार्ड पाहू मंग पोरगी पाहू. त्याची लहान बहीन गेली ना ह्याच बिमारीनं. लय हाल झाले पोरीचे. सांधे दुखत तर रातभर वरडे म्हने. योगेंद्रच घेऊन फिरे तिले दवाखान्यात. आईबापाच्यानं पाहवत नव्हतं. तुमचं कार्ड आलं आन् राखीनं फोटो पाठवला मोबाईलवर, तर दुसऱ्या दिवशी पाव्हने हजर."

"आन् माझं कार्ड आलं तर दुसऱ्या दिवशी पाव्हने गायब," रूपा म्हणाली. लाटणं थांबवलं नाही. "साकोलीचे येनार होते पाहाले. बाबानं खरं सांगून टाकलं. ते म्हने, कळवतो. अजून कळवूनच राहिले बिचारे."

"चूप ओ. भेटन तुले बी."

"भेटन ना मावशी. मी कुठं नाई म्हनलं? मी कुंताबाईले सांगून ठेवलं, मले सामान्य पायजे. दिसाले कसाबी चालन. बाकी सारा असामान्य असला तरी चालन, रक्त तेवढं सामान्य पाहा."

या वेळी बायका आणखी मोठ्याने हसल्या. कामिनी समोरच्या पिठाच्या गोळ्याकडे पाहत राहिली. राखी आतून चहा घेऊन आली. हळदीआधीच्या दिवसांत नवरीला उन्हात काम करू देत नाहीत, म्हणून तिला आतलं काम दिलं होतं. चहा देताना तिने कामिनीकडे पाहून डोळ्यांनी नमस्कार केल्यासारखं केलं. शिबिरात हीच मुलगी सुईकडे न पाहता मागे वळून मैत्रिणीला चिडवत होती, हे कामिनीला आठवलं. मैत्रीण तिच्या मागेच रांगेत उभी होती.

चहा संपेपर्यंत कामिनीने तीनदा तोंड उघडलं. तिन्ही वेळा दुसरंच काही विचारलं. शेवटी कुंताबाईच म्हणाल्या, "राखी, चाल जरा. म्याडमले तराव दाखवू."

"तराव कायले? पाह्यला नाई का त्याईनं?"

"चाल म्हनते तर चाल."

घरामागे तलावाची पाळ होती. पाळीखालच्या बांध्यांत, भाताच्या शेतांत, लाखोळी डाळीचं पीक उभं होतं. कुंताबाई थोड्या अंतरावर थांबल्या. कामिनीने राखीला सगळं सांगितलं. सांगण्याआधी तिने ठरवलं होतं की 'गडबड झाली', 'तांत्रिक अडचण' असं काही म्हणायचं नाही. म्हणून तिने सांगितलं की कार्डं मी केली, एक नाव मी वगळलं, त्यामुळे त्याच्या खालच्या सगळ्यांना रांगेतल्या आधीच्या माणसाचा निकाल लागला, आणि मी ते तपासलं नाही. मग निकाल सांगितला.

राखीने विचारलं, "गोदावरीमाय मोनूचे बाबा म्हनली, म्हनून?"

"नाही. त्यांची चूक नाही. मी ती ओळ काढली म्हणून."

"मंग माझं कोनाले गेलं?"

"ते मला सांगता येणार नाही, राखी. दुसऱ्याचा निकाल..."

"माझ्यामांगं रूपा होती."

कामिनी काही बोलली नाही. आणि न बोलणं म्हणजेच सांगणं झालं, हे तिला उशिरा समजलं. आणखी एक चूक.

राखी पाळीवर खाली बसली. "तिचं कार्ड आलं तवा ती लय रडली. आता हासवते साऱ्याईले, पन तवा रातभर माझ्यापाशी होती. मी तिले समजावलं. म्हनलं, काही होत नाई पागल, वाहक म्हंजे बिमार नसते. इतकं चांगलं समजावलं मी." मग ती एकदम म्हणाली, "कोनाकोनाले माहीत हाये हे?"

"मला, आमच्या सरांना, कुंताबाईंना. आणि आता तुला."

"मंग राहू द्या ना."

कामिनीला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"चार मानसं हाये. चारही चूप राहिले तर कोनाले कळनार हाये? रूपाचं बदलून द्या. तिले म्हना, तुझं चुकलं होतं. माझं नका बदलू." राखी आता घाईने बोलत होती. "म्याडम, तुमीच शिबिरात सांगतलं होतं ना, चारात एक. म्हंजे चारात तीन चांगले. मी एकच लेकरू करन. ते चांगलंच निघन. आन् नागपूरले तपासता बी येते म्हने. मी सोता जाऊन तपासून येईन. त्याले कायले सांगाचं?"

काल संध्याकाळपासून कामिनी स्वतःला जे जे सांगत होती ते सगळं ही मुलगी एका दमात बोलून गेली होती. आणि तिला तो हक्क होता. कामिनीला नव्हता.

"राखी, तुझा निकाल मी योगेंद्रला सांगू शकत नाही. तो तुझा आहे. तू कोणाला सांगायचा, नाही सांगायचा, ते तुझं." तिने थांबून शब्द जुळवले. "पण ते कार्ड माझं आहे. त्याचा फोटो त्याच्या मोबाईलवर आहे. त्याने माझ्या कार्डावर विश्वास ठेवून हो म्हटलं. ते कार्ड चुकीचं आहे, तेवढं मला मागे घ्यावंच लागेल. पुढे काय ते मी बोलणार नाही."

"म्हंजे तेच झालं ना."

"हो. तेच झालं."

"मंग मले निवडाले काय ठेवलं तुमी?"

वाऱ्याने लाखोळी हलत होती. कुंताबाई पदराच्या टोकाला गाठ मारत आणि सोडत उभ्या होत्या.

"तुमी नका सांगू," राखी म्हणाली. "तुमी सांगान इंग्रजीवानी. मी सांगतो. पन तुमी इथंच बसा. उठाचं नाई."

तिने फोन लावला आणि आवाज मोठा करून दोघींच्या मध्ये दगडावर ठेवला.

"बोला नवरीबाई," पलीकडून आवाज आला. मागे कुठेतरी हातमाग चालल्याचा खटखट आवाज होता. "हळद नाई लागली अजून अन् आठवन येऊन राहिली?"

"कुठं हाये तुमी?"

"दुकानात. शेजारी माग चालू हाये, आयकू नाई येत. थांब, बाहेर येतो." खटखट कमी झाली. "बोल आता."

"माझं कार्ड चुकलं."

"कोन्तं कार्ड? बँकेचं?"

"रक्ताचं. सामान्य नाई मी. म्याडम आल्या हाये भंडाऱ्याच्या. त्याईच्याकडून दुसऱ्याचं आलं होतं मले. मी बी वाहक हाये, तुमच्यावानी."

राखीने वाकून पडदा पाहिला, फोन कटला का म्हणून.

"म्याडम हाये का तिथं?" योगेंद्रने विचारलं.

"आहे," कामिनी म्हणाली.

"पक्कं हाये?"

"नळीच्या क्रमांकावरून मी स्वतः तपासलं. काल दुपारी, आणि रात्री पुन्हा."

"तवा नव्हतं का तपासलं?"

"नाही. वरची पाच नावं पाहिली फक्त."

"पाच," तो म्हणाला. तो चिडला नव्हता. आकडा तेवढा परत म्हणाला. कामिनीला वाटलं, आयुष्यात आपल्याला कोणी यापेक्षा वाईट काही बोलणार नाही.

"मी म्हनतो ते आयका," राखी फोनकडे झुकून म्हणाली. "नागपूरले तपासता येते. पोटात असतानाच कळते."

"माहीत हाये मले."

"मंग?"

"कळते, राखी. आन् हाये असं कळलं तर?"

"तर..." राखीने कामिनीकडे पाहिलं. त्या वाक्याचा शेवट कामिनीलाही ठाऊक होता आणि तो तिने शिबिरात अनेकदा, तक्त्यावर काडी ठेवून, सहज सांगितला होता. "तर तवा पाहू ना."

"मी पाह्यलं हाये ते. माझ्या बहिनीले मी पाठीवर घेऊन जात होतो मोहाडीच्या दवाखान्यात. ती म्हने, दादा, हळू चाल, हाडं दुखते. मी हळू चाललो तर म्हने, दादा, लवकर चाल." मग म्हणाला, "तुले मी 'नाई' नाई म्हनून राहिलो. तू मले लय आवडली. पन दर वेळी तपासा, दर वेळी वाट पाहा, हाये का नाई, हाये का नाई. माझ्याच्यानं नाई होनार."

"म्हंजे नाईच म्हनून राहिले ना तुमी."

"हो."

"मंग तसं म्हना. घुमवून कायले सांगता?"

"नाई म्हनतो, राखी."

"बरं," राखी म्हणाली. "तुमच्या आईले तुमी सांगा. माझ्या आईले मी सांगतो. आन् कार्ड चुकलं म्हना फकस्त. पोरीनं फसवलं असं कोनी म्हनाले नाई पायजे."

"कोनी म्हननार नाई. मी म्हनू देनार नाई."

तिने फोन बंद केला. रडली नाही. उठून कपड्यांना लागलेली माती झटकली आणि घराकडे चालायला लागली. कामिनी मागे. कुंताबाई त्यांच्याही मागे.

ओसरीवर राखीने आईच्या शेजारी बसून, खाली मान घालून, चार-पाच वाक्यांत सांगितलं. लाटणी एकेक करत थांबली. मंदाबाईंचं तेवढं थांबलं नाही. हातातला पापड त्यांनी पूर्ण केला, पार पातळ होईपर्यंत लाटत राहिल्या, फाटला तरी लाटत राहिल्या. मग कामिनीकडे न बघता म्हणाल्या, "इतक्या शिकल्या तुमी."

एक बाई उठून मंदाबाईंच्या पाठीवरून हात फिरवू लागली. बाकीच्या एकमेकींकडे पाहत होत्या, कामिनीकडे कोणी पाहत नव्हतं. मोठ्याने रागावलं असतं कोणी तर ती मान खाली घालून ऐकायला तयार होती. बसमध्ये तिने तेवढीच तयारी केली होती.

रूपा मात्र राखीकडे पाहत होती. तिला समजायला वेळ लागला, पण समजलं. "म्हंजे माझं..." ती म्हणाली आणि तिथेच थांबली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळायला लागलं, आणि तिने ते दोन्ही हातांनी, पिठाच्या हातांनी, चेहरा झाकून दाबून टाकलं. "नाई, नाई. असं नाई पायजे मले, राखे. आईची शप्पत, असं नाई पायजे."

"पागल हाये का? तुह्यं तुले भेटलं. हास ना."

रूपा हसली नाही. राखीच्या खांद्यावर डोकं ठेवून ती हुंदके देऊ लागली आणि राखी तिच्या पाठीवर थोपटत बसली. ज्या मुलीचं लग्न मोडलं ती समजूत घालत होती. कामिनीला वाटलं आपण इथून निघून जावं. मग वाटलं, तेवढंच सोपं आहे, म्हणून ते करायचं नाही.

तिने पेटी उघडली. "राखी, नियमाप्रमाणे पुन्हा रक्त घ्यावं लागतं. दोघींचंही. नवीन कार्ड त्याशिवाय देता येत नाही. आज नको वाटत असेल तर मी पुन्हा येईन."

राखी उठून तिच्यासमोर येऊन बसली. बाही वर केली. या वेळी ती सुईकडे सरळ पाहत होती.

"ह्याच्यात बदलू शकते का?" तिने हळूच विचारलं. आईला ऐकू जाऊ नये इतकं हळू. "म्हंजे, पुन्हा केल्यावर सामान्य निघन, असं होऊ शकते?"

कामिनीला 'बघू' म्हणता आलं असतं. 'कधी कधी होतं' म्हणता आलं असतं. ते एक वाक्य मिळालं तर ही मुलगी आजची रात्र झोपेल, हेही तिला दिसत होतं. प्रयोगशाळेच्या यंत्राचा मूळ कागद तिने पाहिला होता. त्यात शंकेला जागा नव्हती.

"नाही, राखी," ती म्हणाली.

राखीने मान हलवली. "मंग घ्या तरी."

कामिनीने आधी नळीवर नाव लिहिलं, वडिलांचं नाव लिहिलं, क्रमांक लिहिला आणि तिन्ही गोष्टी मोठ्याने वाचून दाखवल्या. राखीने प्रत्येकीला "हो" म्हटलं. मग कामिनीने दंडाला पट्टा बांधला. शीर शोधायला तिला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, आणि तेवढा वेळ राखीने आपला हात न हलवता तिच्यापुढे धरून ठेवला.